गोळी आणि गोळा

आधी पाव.
मक्याचा, जाड कवचाचा, कालचा असला तरी चालेल.
मग वाडगाभर कोबी-बटाट्याचं सूप.
मग गोळी.
मग मोठा पेला पाणी, एका दमात नाही, पण सगळं.
आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही,
घरात बघायला कोणी नसलं तरी.

एवढं शिकायला मला दोन वर्षं लागली.
तोवर रोज दुपारी धक्क्यामागच्या भिंतीशी
ओणवी व्हायचे मी,
आणि कुरव पक्षी मान तिरपी करून
आशेने बघायचे.

अकरा वर्षं झाली.
रक्तातला तो झोपलाय, म्हणतात.
गोळी त्याच्या उशाशी बसून असते.
बसण्याची मजुरी ती माझ्याकडून घेते
चिल्लर चिल्लर.

सकाळी पापण्या इतक्या फुगलेल्या
की एलिशियो विचारायचा, रात्री रडलीस?
पहिल्या वर्षी रडलेच होते.
नंतरचं नुसतं पाणी,
डोळ्यांखाली साठलेलं,
दहा वाजेपर्यंत आपोआप ओसरणारं.
एकदा डोळ्याच्या पांढऱ्यात रक्त उतरलं
तर पाववालीने सुटे पैसे मोजलेच नाहीत,
मूठभर हातात कोंबले.

मुरोसच्या धक्क्यावर जाळी सांधणाऱ्या
आम्ही आता सातजणी.
हातात सुई, सुईत नायलॉन,
भोकाच्या कडेने गाठ, गाठीपुढे गाठ,
आणि मध्येच माझी बोटं आवळतात,
उलटा पडलेला खेकडा नांग्या मिटतो तशी.
सुई आत अडकलेली.

दोरिंदा तेव्हा नणंदेच्या मृत्युपत्राबद्दल बोलत असते.
बोलणं न थांबवता ती माझा हात
स्वतःच्या मांडीवर ओढते,
एकेक बोट सोडवते, करंगळीपासून,
वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तशी.
सुई परत देते.
नणंदेचं चालूच.
आभार मी कधी मानले नाहीत.
मानले तर ती विचारेल, कशाचे?

गोळी दुपारी पोटात,
गोळा रात्री पोटरीत.
दोन वाजता उठून स्वयंपाकघराच्या गार फरशीवर
टाच दाबून उभी राहते मी,
दात आवळून, खिडकीशी.
कुठली बोट किती वाजता सुटते
हे बंदराच्या रखवालदारापेक्षा मला नीट ठाऊक आहे.
एलिशियोची बोट विकली, तिचंही.
नवा मालक दहा मिनिटं उशीर करतो.

सांतियागोच्या डॉक्टरीणबाई यंदा म्हणाल्या,
मशीनला काही सापडत नाही आता.
थांबवून बघायची का?
मी विचारलं, थांबवली की दुखणं थांबेल?
त्या जरा घुटमळल्या.
काहींचे सांधे गोळी सोडल्यावरही दुखतात, म्हणाल्या,
काही महिने.
म्हणजे ही बया जातानाही
भाडं उकळून जाणार.
सोमवारपर्यंत कळवा, म्हणाल्या.
सोमवार गेला.
डबी फळीवरच आहे, मिठाच्या बरणीशेजारी,
आणि आज दुपारी मी ती उघडली
नेहमीसारखी.
खरं सांगायचं तर भीती दुखण्याची नाही.
उशाशी कोणी नसेल
आणि तो कूस बदलेल, याची.

काल ब्राइसला त्याची आई घेऊन आली.
सव्वीस वर्षांचा, लाटा फुटतात त्या कड्यांवर
दोरीने उतरून शिंपले खरवडणारा.
त्याच्या खिशात नवीकोरी डबी, सील न फोडलेली.
आई रडत होती, तो माझी जाळी बघत होता.
मग म्हणाला, किती दिवस घ्यायची?

अकरा वर्षं माझ्या जिभेवर आली.
बोटांकडे पाहिलं, तेव्हा ती उघडी होती.
खोटं बोलवेना, खरं सांगवेना.
म्हटलं, आधी पाव खायचा.

तो थोडा वेळ गप्प.
मग विचारलं त्याने, कुठला?

तेव्हा मला वाटलं,
पोरगं तरेल.